पाटावरची पेडलं

झाडीपट्टीत गिटार हे काही मोठं वाद्य नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात दिवाळी सरली की मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि त्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात. या नाटकांच्या संगीतात मान ऑर्गनचा आणि तबल्याचा, अलीकडे ऑक्टोपॅडचा. गिटारवाला असलाच तर कडेला, वायरींच्या गुंत्यात बसलेला. तरीही पडदा उघडण्याआधी पोरांचा घोळका सगळ्यात जास्त जमतो तो त्याच्याच पायांपाशी. तिथे लाकडी पाटावर रांगेत मांडलेल्या लोखंडी डब्या असतात, हिरव्या, नारिंगी, निळ्या. प्रत्येकीवर एक बटन आणि एक मिणमिणता दिवा. यांना पेडल म्हणतात. घोळक्यातला पहिला शेरा ठरलेला असतो : "काय गा, एवढे बटनं? पायाले बोटं त दहाच हायेत!"

मी चंद्रपूरचा. कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन आहे आणि तरुणपणापासून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत आलो आहे. हंगामात वडशाहून बोलावणं आलं की रजा टाकून नाटकालाही जातो. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे, तारखा तिथेच ठरतात, कलावंतही तिथेच जमतात. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी या रंगभूमीची दखल घेतली. नटांबद्दल थोडंफार लिहून येतं. आवाज सांभाळणाऱ्यांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

पेडल करतं काय? गिटारच्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची केसासारखी बारीक तार असते, तिला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की या गुंडाळीत अगदी क्षीण वीज निर्माण होते, व्होल्टचा काही दशांश. गिटारचा आवाज म्हणून जे काही आहे ते एवढंच. ही वीज वायरीतून अँप्लिफायरकडे जाते आणि तिथे मोठी होते. पेडल बसतं या वाटेच्या मध्ये. कुठलं आवाज फाडतं, कुठलं तो मागे-मागे उच्चारत राहतं, कुठलं त्याला पाण्यासारखं हलवतं. पायाने दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. हात तारांवर अडकलेले असतात, म्हणून हे काम पायाकडे आलं. जुन्या संगीत नाटकांतले ऑर्गनवाले दोन्ही पायांनी भाता मारून सूर धरत असत, तेव्हा मराठी रंगमंचाला पायांची ही नोकरी नवीन नाही.

फाडलेल्या आवाजाची जन्मकथा मला फार आवडते. १९६१ साली गाजलेलं मार्टी रॉबिन्स या गायकाचं 'डोंट वरी' हे गाणं अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन बास गिटार वाजवत होता आणि नेमका त्याचाच आवाज ज्या वाटेने मिक्सरमध्ये जात होता तिथे बिघाड झाला. आवाज चिरकत, घरघरत बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. मग ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने तोच बिघाड ट्रान्झिस्टर लावून मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आलं. सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने ते वापरलं आणि माल दुकानात पुरेना. आपल्या गावांना हा आवाज परका वाटू नये. भोंग्यातून फाटून येणारं गाणं ऐकतच आमची पिढी वाढली, आणि लग्नघर कुठे आहे ते त्या फाटण्यावरूनच दोन शेतांपलीकडून कळायचं.

हा चिरका आवाज होतो कसा, हे पोरांना दाखवायचं तर मी पेडल उघडतो. खालचे चार स्क्रू काढले की आत बोटभर हिरवी पट्टी दिसते. जगात सर्वाधिक नकला झालेल्या पेडलांपैकी एक म्हणजे आयबानेझ कंपनीचं 'ट्यूब स्क्रीमर', १९७०च्या दशकाच्या अखेरीला जपानमधून आलेलं. आमच्याकडे येतात त्या बहुतेक त्याच्या स्वस्त नकलाच. मध्ये आठ पायांची ४५५८ नावाची आयसी असते, ती आवाज वाढवते. तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढे दोन डायोड, एकमेकांकडे पाठ करून बसवलेले. सिलिकॉनच्या डायोडवर साधारण ०.६ व्होल्टचा दाब आला की तो वाट मोकळी करतो आणि लाट त्याच्या वर चढू शकत नाही. लाटेचा वरचा माथा एक डायोड सपाट करतो, खालचा दुसरा. माथा सपाट झाला की कानाला खरखर जाणवते, आणि सूरही जास्त वेळ टिकल्यासारखा वाटतो. एवढ्या दोन दाण्यांसाठी माणसं महिन्याचा पगार घालवतात.

मूल गावाकडचा एक पोरगा हे पाहून गेला आणि त्याने घरी डायोड काढून त्या जागी दोन लाल एलईडी लावले. एलईडीची मर्यादा जास्त, दीड-दोन व्होल्टची. त्यामुळे आवाज अधिक मोठा आणि मोकळा झाला. वर आणखी गंमत म्हणजे झाकण उघडं ठेवून तार जोरात छेडली की आत ते दोन दिवे मंद चमकायचे. पुढच्या कार्यक्रमाला तो उघडंच पेडल घेऊन आला. ऑक्टोपॅडवाला वाकून वाकून पाहत म्हणाला, "याच्या सुराले लाइट लागते बे, अंधारात सापडत नाई." सगळे हसले, पोरगाही हसला. पण पुढची पंधरा मिनिटं तिथल्या चौघांनी त्याच्याकडून डायोड आणि एलईडीमधला फरक नीट समजून घेतला. मला या थट्टेची किंमत वाटते ती याचसाठी. आयटीआयमध्ये वायरिंग शिकवतात, मोटर गुंडाळायला शिकवतात, पण गिटारचा आवाज कसा घडवायचा हे शिकवणारा वर्ग ना चंद्रपुरात आहे ना गडचिरोलीत. आमच्याकडे ही विद्या फुशारकीतून आणि चिडवण्यातून पुढे जाते. एकाने मिरवायचं, दुसऱ्याने टोमणा मारायचा, मग मिरवणाऱ्याने तो खोडून काढण्यासाठी सगळं उलगडून सांगायचं.

टोमणेही कसे, विषयाला धरून असतात. 'डिले' नावाचं पेडल वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवतं, हवं तर चार-पाचदा. नवीन डिले दिसलं की कुणीतरी म्हणणारच : "बरं झालं, आता एक सूर चुकला त चारदा आयकू येईन." पायाने पुढे-मागे झुलवायचं 'वा-वा' पेडल १९६६ मध्ये थॉमस ऑर्गन या अमेरिकी कंपनीत ब्रॅड प्लंकेट या अभियंत्याच्या हातून घडलं. तार छेडताना पाय दाबत गेलं की गिटार तोंड उघडझाप केल्यासारखी बोलते. ते ज्याच्याकडे असेल त्याला ऐकावं लागतं : "तुले कोणी वा-वा म्हणत नाई म्हणून इकत घेतलं का?" निळे दिवे झगमगणारा मोठा पाट आला तर : "लायटिंगच पाह्याची असन त मंडईत जाऊ, तुह्यापाशी काहून बसू?" आणि सगळ्यात जुना प्रश्न, "घरी का सांगतलं?" याचं उत्तर देणारा मान खाली घालून म्हणतो, "मोबाइलचा चार्जर."

या घोळक्यातला खरा तालेवार मात्र गिटारवाला नसतो, बेंजोवाला असतो. टाइपरायटरसारख्या कळा दाबून आणि तारा छेडून वाजवायचं हे वाद्य जपानचं. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' तयार केलं, आणि तेच आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, पुढे बेंजो. महाराष्ट्रात वरात, गणपती, हळद याच्यावाचून पार पडत नाही. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट केला तो मुंबईतल्या या वादकांवरच. आमच्याकडे गाडीवर ढोल-ताशा, पॅड आणि भोंगे लादून निघणाऱ्या धुमाल पार्ट्यांतही बेंजो असतो. त्याला पिकअप लावला की पुढे गिटारची कुठलीही पेडलं जोडता येतात, आणि हे धाडस गिटारवाल्यांपेक्षा बेंजोवाल्यांनी जास्त केलं. झूम कंपनीची ५०५ नावाची छोटी पेटी १९९०च्या दशकात आली. एकाच डबीत अनेक परिणाम साठवलेले असतात, म्हणून तिला आमच्याकडे प्रोसेसर म्हणतात. बेंजोच्या कोरड्या टणत्काराला तिच्यातून डिले आणि थोडा चिरकेपणा दिला की सनईसारखा लांब, चढा सूर निघतो आणि चौकभर पसरतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. गिटारसाठी बनवलेली वस्तू आपल्या वाद्याला कशी लागू पडेल, हे या लोकांनी रस्त्यावर वाजवत-वाजवत शोधून काढलं. मी कुठल्याही मोठ्या शहरातल्या पाटापेक्षा त्या कामाला वरचं स्थान देतो.

प्रोसेसर की सुटी पेडलं, हा आमच्यातला कायमचा वाद. प्रोसेसरवाला म्हणतो, एका डबीत शंभर आवाज, पिशवीत टाकलं की झालं. त्यावर दुसरा म्हणतो, "शंभर हायेत, पन वाजवते दोनच." माझं मत सुट्या पेडलांकडे झुकतं, कारण सूर बिघडला तर कुठली डबी बिघडली हे पटकन सापडतं. नाटकात प्रवेश चालू असताना प्रोसेसरच्या पडद्यावरची अक्षरं वाचत बसायला वेळ नसतो.

सुट्या पेडलांचा क्रम हाही मिरवण्याचाच विषय. आधी आवाज फाडायचा आणि मग त्याचे प्रतिध्वनी काढायचे, की उलट? एका जुन्या ऑर्गनवाल्या काकांनी हा प्रश्न आमच्यासाठी कायमचा सोडवला : "फोडणी आधी, सांबार शेवटी." आमच्या विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. डिले आधी लावून पुढे चिरकं पेडल ठेवलं तर सगळे प्रतिध्वनी मूळ सुरासकट एकत्र भरडले जातात आणि शब्द न कळणारा गोंगाट होतो. चिरकेपणा आधी आला तर प्रत्येक प्रतिध्वनी सुटा ऐकू येतो. 'कर्ज' चित्रपटातली १९८०ची गिटारची धून, जी गोरख शर्मा यांनी वाजवली, ती आजही प्रत्येक ऑर्केस्ट्रात मागितली जाते. ती वाजवताना क्रम चुकला असेल तर मागच्या रांगेतला माणूसही ओळखतो की काहीतरी बिनसलं आहे.

पाट कशाचा, यावरही चुरस असते. बाजारात अॅल्युमिनियमचे तयार बोर्ड मिळतात. आमच्याकडे सुतार उरलेल्या सागाच्या फळ्यांचा करून देतो. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हापासून एक जण आपल्या पाटावर हात ठेवून सांगतो, "तिथले दरवाजे अन् माहा पाट, एकाच जंगलातले." सागाचा पाट जड असतो हे खरं, पण बैलगाडीवरून, ट्रॅक्टरवरून गेला तरी वाकत नाही. पेडलं पाटाला चिकटपट्टीने बसवायची पद्धत जगभर आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४७-४८वर गेला की गाडीच्या डिकीत त्या पट्टीचा गोंद पातळ होतो आणि पेडलं घसरून एकमेकांवर आपटतात. म्हणून आमच्याकडे सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी ताणून बसवतात. दिसायला ओबडधोबड, पण पकड अशी की पाट उलटा केला तरी डबी पडत नाही.

आता विजेचं. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. आमच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. पण त्याच पट्ट्यातल्या शेतात उभारलेल्या मंडपाला वीज मिळते ती जनरेटरची, नाहीतर कुठल्यातरी घरातून ओढलेल्या वायरीची. अर्थिंग बहुतेक ठिकाणी नावालाच असते. अर्थिंग नसलं की पेडलांत घूं असा आवाज येतो, त्याला आम्ही हम म्हणतो. हम घालवायचा एक सोपा उपाय पोरं एकमेकांना सांगतात : अँप्लिफायरच्या पिनेचा तिसरा, जाड पाय कापून टाका. हम कधी-कधी खरंच जातो. पण त्याबरोबर संरक्षणही जातं. गिटारच्या तारा आतून अर्थच्या वायरीला जोडलेल्या असतात. अँप्लिफायरमध्ये काही बिघाड होऊन त्याच्या धातूवर वीज उतरली तर ती तारांपर्यंत येते, आणि वादकाचे ओठ माइकला लागले की हातापासून ओठापर्यंत वाट पूर्ण होते. माइक साउंडवाल्याच्या वेगळ्या लाइनवर असेल तर धोका आणखी वाढतो. मी याबद्दल पोरांना रागावतो, आणि रागावतच राहणार.

करायचं ते एवढंच. गिटारचा अँप्लिफायर, पेडलांचा अडॅप्टर आणि साउंडवाल्याचा मिक्सर या सगळ्यांची वीज एकाच बोर्डातून घ्यायची, म्हणजे सगळ्यांची अर्थ एक होते आणि हम आपोआप निम्म्यावर येतो. जनरेटरशेजारी ओल्या मातीत लोखंडी सळई ठोकून अर्थ देण्याचं काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यायचं. वाजवायला बसण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि तारांना लावून पाहायचा. टेस्टर पेटला तर गिटार उचलायचीच नाही. टेस्टर नाही पेटला म्हणून सगळं निर्धोक आहे असंही नाही, म्हणून वायरमनला विचारण्यात कमीपणा मानू नये. हम उरलाच तर गिटारची वायर मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्स नावाच्या डबीवर एक छोटा खटका असतो, तो फक्त आवाजाच्या वायरीची अर्थ तोडतो, विजेची नाही. तो खुशाल वापरावा.

पेडलांच्या स्वतःच्या विजेचंही एक पथ्य आहे. बहुतेक पेडलं ९ व्होल्टवर चालतात, आणि पिनेच्या मधोमध ऋण असतं, बाहेर धन. घरातल्या इतर बऱ्याच अडॅप्टरांचं याच्या उलट असतं. राउटरचा अडॅप्टर लावून पेडल जाळल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. एका अडॅप्टरवर साखळी करून सहा पेडलं चालवली की त्यातलं एखादं डिजिटल पेडल बाकीच्यांत किणकिण सोडतं. एकट्या त्या पेडलला ९ व्होल्टची सेल लावली की किणकिण बंद. सेल महाग पडते, म्हणून त्यावरही टोमणा तयार असतो. पण शांत प्रवेशात, जेव्हा नायिका बोलत असते आणि मैदानावर हजारो माणसं गप्प बसलेली असतात, तेव्हा त्या सेलची किंमत कळते.

जगात या मिरवण्याला काही धरबंध नाही. बिल फिनेगन या अमेरिकी माणसाने १९९४ पासून 'क्लॉन सेंटॉर' नावाचं पेडल जवळजवळ एकट्याने तयार केलं. सुमारे ८ हजार नग निघाले असतील. आतल्या सर्किटवर त्याने काळा राळेसारखा लेप ओतला होता, कुणी नक्कल करू नये म्हणून. आज ते जुनं पेडल लाखो रुपयांना विकलं जातं. लेप खरवडून लोकांनी नक्कल केलीच. इंग्लंडमध्ये तर ८०-९०च्या दशकांच्या संधिकालात एका संपूर्ण संगीतप्रकाराला बुटांकडे बघणाऱ्यांचं नाव पडलं, कारण ते वादक कार्यक्रमभर खाली, पेडलांकडेच पाहत असायचे. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, त्यांचा आवाज सुंदर आहे. पण माझ्या पट्ट्यात कुणी सर्किटवर लेप ओतत नाही. उघडून दाखवल्याशिवाय इथे कुणाला समाधानच वाटत नाही.

एक पेडल मात्र कुणी मिरवत नाही आणि त्यावर विनोदही होत नाही : ट्यूनर. सूर वर आहे की खाली, ते दिव्यांनी दाखवणारी साधी डबी. बॉसचं टीयू-२ हे १९९८ मध्ये आलं आणि तेव्हापासून अंधाऱ्या रंगमंचावर सूर जुळवणं सोपं झालं. नव्या पोराने पहिलं पेडल कुठलं घ्यावं असं मला विचारलं तर मी हेच सांगतो, आणि तो हिरमुसतो. पण डिसेंबरमध्ये सिंदेवाही किंवा कुरखेड्याकडच्या उघड्या मैदानावर रात्री दहाला लावलेल्या तारा दोन वाजता तशा राहत नाहीत. थंडीने पोलाद आकसतं, सूर चढतो. दव पडून तारांना गंज धरतो, म्हणून फडकं जवळ लागतंच. ऑर्गन तर थंडीने फारसा हलत नाही. मग गिटार आणि बेंजो एकीकडे, ऑर्गन दुसरीकडे, असं होतं. म्हणून आमच्यात नियम आहे : अंक पडला की चहाआधी ट्यूनर. बेंजोला तारा जास्त, त्यामुळे त्याला वेळ लागतो, आणि तोवर किटली त्याच्यासाठी धरून ठेवावी लागते.